खाऱ्या पाण्याची खोली

९ जानेवारी १९८३, रविवार

लॅक्टोमीटर २७. टाकीतलं पाणी दोन बोटं खाली. विहिरीचं पाणी उकळून गार करून एक तांब्या घातलं, मग २५. दूध तपासायचा लॅक्टोमीटर समुद्राच्या पाण्यालाही चालतो, हे माझ्या भावाला, हसनभाईला, कळवायचं राहिलंय. बोटीवर सगळ्यांना सांगून हसेल.

मोठी आणि लहाना, दोन्ही मासे समुद्रफुलात. लहान्याने कोलंबीचा तुकडा उचलला, स्वतः न खाता फुलाला नेऊन दिला. रोज बघते, तरी बघत बसते.

झाकणाची काच सरकलेली. हवेसाठी मी बोटभर फट ठेवते ती डाव्या बाजूला. आज उजव्या बाजूला होती. मी तर उचलली नाही.

१२ जाने.

शाळेतून सव्वापाचला आले. पुढच्या खोलीत टाकीखालची फरशी ओली. बोट लावून चाटून पाहिलं. खारं.

सासूबाई, म्हणजे अम्मा, ओट्यावर तसबीचे मणी ओढत. विचारलं तर म्हणाल्या, "मला काय दिसतंय गं, डोळ्यांवर पडदा आलाय." जाऊबाई चुलीपाशी. "पानी? सांडलं आसंल कुनाचं तरी." माझ्याकडे न बघता. हलीमाभाबी एरवी बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघते.

कुणाचं तरी म्हणजे कुणाचं? हे पहिल्या पाळीला कारखान्यात, थोरले दीर, म्हणजे दादा, दुकानात, भाबीची मुलं आणि मी शाळेत. दिवसा घरात या दोघीच.

१५ जाने.

टाकी आली तेव्हाच, म्हणजे वर्षापूर्वी, सगळ्यांना बसवून सांगितलं होतं. पाण्याला हात लावायचा नाही. हाताला तेल असतं, मसाला असतो, साबण असतो. हे मासे आणि फूल भाईने लक्षद्वीपहून डब्यात घालून, मांडीवर घेऊन आणलेत. पुस्तकात क्लाऊनफिश आणि सी-अ‍ॅनिमोन. हर्णैला, माझ्या माहेरी, खडकांतही फुलं असतात, पण बारकी, तपकिरी. त्यातली दोन मी टाकीत ठेवली आहेत. मासे त्यांना विचारत नाहीत, त्यांना मोठंच फूल लागतं.

हवेचा पंप बंद पडला तर गुदमरतील हेही तेव्हा सांगितलं होतं. दादा म्हणाले होते, "आपल्या घरात माणसाला पंखा न्हाई, माश्याला पंप." सगळे हसले. मीही हसले होते.

२२ जाने.

लॅक्टोमीटर ३३!

तळाशी पाहिलं तर पांढरे खडे. मीठ. दुकानातलं जाडं मीठ. अर्धे विरघळलेले. चमच्याने काढले, निम्मं पाणी बदललं. भाईने गेल्या महिन्यात मासळीच्या ट्रकबरोबर पाठवलेले दोन्ही कॅन संपले. मोठं फूल मिटून मुठीएवढं झालंय.

रात्री जेवताना विचारलं. दादा म्हणाले, "खाऱ्या पान्यात मीठ पडलं तर बिघडलं काय?" ह्यांनी ताटातून मान वर केली नाही.

मीठ दादांच्या दुकानातलं.

२३ जाने., रविवार

फूल अजून मिटलेलं. मोठी त्याला सारखी घासते आहे, उठ म्हणाल्यासारखी.

३० जाने., रविवार

फूल उमललं. वीतभर रुंद. मी एकटीच रडले.

४ फेब्रु.

धरणात पाणी कमी झालं म्हणून दिवसा वीज जाते म्हणतात. शाळेत आम्ही दिवसा दिवे लावतच नाही, कळत नाही. घरी आल्यावर विचारते तर भाबी म्हणते, "गेली व्हती जराशी." जराशी म्हणजे किती? "मी काय घड्याळ घिऊन बसलीया?"

आज पुन्हा फरशी ओली. पुसलेली होती, पण चौकटीच्या कडेला पाणी राहिलं होतं. पुसायची गरज कुणाला पडली?

१३ फेब्रु., रविवार

आता कळलं.

दादा एका माणसाला घेऊन आले. घोटावड्याच्या बाजूला नवा कारखाना झालाय, तिथला सुपरवायझर. बायको आणि एक मुलगी. पुढची खोली भाड्याने बघायला! मी शाळेतल्या मुलींच्या वह्या तपासत बसले होते, उठून उभी राहिले. त्याने खिडकी उघडून बघितली, भिंतीवर टिचकी मारली, मग टाकीकडे बोट करून, "हे हलवता येईल ना?"

दादा: "येईल की."

मी म्हटलं, "नाही येणार. भरलेली हलवली तर काचा सुटतील. रिकामी केली तर मरतील."

तो हसला. दादा हसले नाहीत. भाबी दारात पदर सावरत उभी होती, चहाचा ट्रे हातात. तिला माहीत होतं, कप आधीच मांडलेले होते.

ह्यांना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? "दादा बोलला व्हता मागं." मागं म्हणजे कधी? "आगं, नुसतं बोलला व्हता." म्हणजे मीठ पडलं तेव्हा ह्यांना ठाऊक होतं.

मासे मेले की खोली आपोआप मोकळी. कुणाला भांडावं लागणार नाही.

१४ फेब्रु.

शाळेत लक्ष नाही. आठवीला पचनसंस्था दोनदा शिकवली.

२१ फेब्रु.

झाकणाच्या दोन्ही बाजूंना भाताच्या पेजेने एक केस चिकटवून गेले होते. आल्यावर बघितलं, केस तुटलेला. म्हणजे उचललं. संशयाला आता पुरावा आहे. कुणाला दाखवू? केस दाखवला तर ह्यांना माझीच काळजी वाटेल.

मासे मात्र ठीक. दोन्ही खातात. विष वगैरे घालत असतील तर इतके दिवस... का अजून धाडस होत नाही?

२७ फेब्रु., रविवार

तळाचे शिंपले हलवून साफ केले. त्यात हिरव्या काकणाचा तुकडा सापडला. अर्ध्या नखाएवढा.

अम्मांच्या हातात काचेची काकणं नाहीत, सासरे गेल्यापासून. माझी लाल. हिरवी कुणाची ते घरात सगळ्यांना ठाऊक.

तुकडा कंपासपेटीत ठेवलाय.

३ मार्च

जाताना टाकीपुढे तांदळाची पिठी भुरभुरून गेले, पावलं उमटतील म्हणून. आले तेव्हा फरशी लख्ख. भाबी म्हणाली, "कोन सांडतंय गं हितं पीठ? मुंग्या झाल्या आस्त्या. मी झाडून घितलं."

या वेळी सरळ तोंडाकडे बघून बोलली.

९ मार्च

ह्यांना काकणाचा तुकडा दाखवला. त्यांनी तो उजेडाला धरून बघितला. मग म्हणाले, "शमीम, तू दमलीयास. आईकडं जाऊन ये हर्णैला, चार दिस."

चार दिवस. तेवढ्यात इथे काय काय होईल!

म्हणजे हेही?

नाही. हे लिहायला नको होतं. पण खोडणार नाही.

२० मार्च, रविवार

अंडी!

फुलाच्या बुडाशी चपटा दगड आहे, चार दिवस दोघं तोंडाने तो घासत होते. मला वाटलं शेवाळ खातायत. आज सकाळी बघते तर दगडावर नारंगी ठिपके, शे-दीडशे तरी. लहाना पंखांनी वारा घालतोय. मोठी माझ्या बोटावर धावून आली, काचेआडून.

डोंगराच्या अलीकडे, पौडात, समुद्रापासून इतक्या लांब. भाईला पत्र टाकलं. मुलींना शाळेत सांगितलं तर पाटील सर म्हणाले, "बाई, पेढे कधी?"

घरात फक्त ह्यांना सांगितलं. आणि अम्मांना सांगावंच लागलं, कारण मी "अल्ला" म्हणून ओरडले ते त्यांनी ऐकलं होतं. "किती हायेत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं मोजता येत नाहीत. "आगं बाई," म्हणाल्या, आणि काचेपाशी नाक नेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या, काही दिसत नसताना.

२३ मार्च

अंडी आता किंचित फिकी. ठिपक्यात काळा बिंदू येईल म्हणतात, डोळे.

२४ मार्च, गुरुवार

शाळेतून आले. दगड कोरा. एक ठिपका नाही.

फरशी ओली होती.

मला काय झालं ते नीट आठवत नाही. कंपासपेटी घेऊन स्वयंपाकघरात गेले. भाबी भाकरी थापत होती. तुकडा तिच्या परातीच्या कडेवर ठेवला. म्हटलं, "भाबी, टाकीत हात घालून काय मिळतं तुम्हाला? खोली पाहिजे तर तोंडाने मागा. मुक्या जिवांना का मारता?"

ती तुकड्याकडे बघत राहिली. "माझा हात," म्हणाली. मग अम्मांकडे बघितलं.

अम्मा भिंतीला टेकून बसल्या होत्या. तसबी थांबली. "शमीम, ऐक—"

"ऱ्हाऊ द्या अम्मा," भाबी म्हणाली. "बोलू द्या तिला. लई दिसापास्नं पोटात ठिवलंय."

म्हणजे दोघी एक आहेत. मी तेही बोलून दाखवलं. म्हटलं, "तुम्हीसुद्धा, अम्मा." त्यांचा चेहरा बघितला नाही. तव्यावरची भाकरी जळत होती, कुणी काढली नाही.

२७ मार्च, रविवार

चूल वेगळी झाली. दादांनी मागच्या पडवीत आमच्यासाठी स्टोव्ह ठेवायला जागा करून दिली. फार सभ्यपणे. आवाज न चढवता. "रोज रोज आरोप ऐकून घ्यायचं वय न्हाई आमचं."

अम्मा भाबीकडे जेवणार. ह्यांनी दोन्हीकडची ताटं बघितली आणि न जेवता बाहेर गेले.

२८ मार्च

पुढच्या खोलीला कुलूप लावलं. एकच किल्ली, माझ्या पर्समध्ये.

अम्मा दारात. "दिवसा बी कुलूप?"

"हो."

"मग लाईट—"

"लाईटचं काय?"

"काय न्हाई."

काय न्हाई कसं? काहीतरी म्हणायचं होतं.

५ एप्रिल

शाळा सकाळची झाली, दुपारी घरी असते. आज दीडला वीज गेली ती तीनला आली. एवढा वेळ आजवर गेली नव्हती. पंप बंद. मगाने पाणी उचलून वरून ओतत राहिले, हवा मिसळावी म्हणून. दीड तास. खांदा भरून आला.

दार उघडं होतं. अम्मा येऊन उभ्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "जरा कडंला ओत. फुलावर पडतंय."

खरंच पडत होतं. पण त्यांना दिसलं कसं? डोळ्यांवर पडदा आहे म्हणतात ना?

पडदा आहे की नाही, कोण जाणे.

८ एप्रिल

काचेला ओलं फडकं गुंडाळते उन्हामुळे. पाणी कोमट होतंय. बरे आहेत. कुलूप लावल्यापासून मी नसताना फरशी एकदाही ओली नाही. हेच हवं होतं.

१२ एप्रिल, मंगळवार

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते, जसं झालं तसं.

काल पुण्याला उत्तरपत्रिकांची सभा होती. सातची एस.टी. कुलूप लावून गेले. हे पहिल्या पाळीला. सभा लांबली, परतीची गाडी पिरंगुटला बंद पडली, घरी पोचायला साडेसहा झाले.

ओट्यावर दादा, हे, शेजारचे दोघे. पुढच्या खोलीचा कोयंडा उखडलेला. खिडकीची एक काच फुटलेली. अम्मा खाटेवर, उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत फडकं, रक्त आलेलं. मला वाटलं चोर.

हे म्हणाले, "लाईट सकाळी आठला गेली. अजून न्हाई आली."

आत गेले. वास. मोठं फूल फाटल्यासारखं, चिकट, विरघळत चाललेलं. मोठी त्याच्यातच आडवी. पाणी दुधासारखं. लहाना नव्हता. मी हात घालून शोधू लागले तर भाबी मागून म्हणाली, "बादलीत हाय."

कोपऱ्यात बादली, त्यात भाईने मार्चमध्ये पुन्हा पाठवलेल्या कॅनमधलं चांगलं पाणी, आणि भाबी उकिडवी बसून मगाने ते पाणी वर-खाली करत होती. लहाना तळाशी, जिवंत. तिचा हात थांबत नव्हता. बोलतानाही नाही.

तिने सांगितलं ते असं. जानेवारीपासून आठवड्यातून तीन-तीन दिवस वीज जात होती. पाच-पाच, सहा-सहा तास. कुलूप लागल्यापासूनच तेवढी कमी जात होती. अम्मांना पंपाची गुरगुर ऐकू येत असते. ती थांबली की त्या भिंत चाचपत पुढच्या खोलीत जायच्या आणि मगाने पाणी हलवत बसायच्या, वीज येईपर्यंत. मी सांगितलं होतं ना, गुदमरतील म्हणून. हात लावायचा नाही हेही मीच सांगितलं होतं, म्हणून मला सांगायचं नाही.

"दिस दिस लाईट न्हवती. मासं जगलं कशावर, वाटलं तुला?"

"तुम्ही का नाही बोललात?"

"म्हातारी म्हनली, सांगू नगं, पोरगी शाळंतनं दमून येती, चिडंल. एकदा तिच्या हातातनं मग आत पडला. मी काढला. तवा काकन फुटलं. बास, तेवढाच माझा हात."

काल अम्मा साडेआठपासून दाराशी बसून होत्या. कुलूप ओढलं, दार ठोठावलं. दादा दुकानाचा माल आणायला गेलेले. दुपारी बत्त्याने खिडकी फोडली, गजांतून हात आत घातला. टाकी पोचण्यासारखी नाही, खिडकीपासून चार हात लांब. काचेने हात कापला. हे सव्वाचारला आले तेव्हा त्यांनी कोयंडा उखडला.

शेवटी हातातला मग खाली ठेवून भाबी उठली. "कुलूप तू लावलंस," म्हणाली. एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

सात वाजता वीज आली. पंप सुरू झाला, रिकाम्यासारख्या टाकीत. खाटेवरून अम्मा म्हणाल्या, "आली का? बघ, चालू झाला." त्यांना कुणी सांगितलं नव्हतं मोठी गेली ते.

मी सांगितलं.

१३ एप्रिल

अम्मांच्या हाताला सहा टाके. दवाखान्यात मीच घेऊन गेले. वाटेत माझा हात धरून चालल्या, दुसरं कुणी नव्हतं म्हणून की काय कोण जाणे. मी म्हटलं, "अम्मा, मला माफ करा." म्हणाल्या, "बारका जगंल का?" तीनदा माफी मागितली, तीनदा हेच विचारलं.

१५ एप्रिल

टाकी रिकामी करून धुतली. हर्णैची दोन्ही तपकिरी फुलं शाबूत. ओहोटीत उन्हात तापायची सवय त्यांना. ह्यांनी दोन दिवसांची रजा काढून मासळी बाजारातल्या ट्रकवाल्यामार्फत पाणी मागवलं. दोन कॅन आले. लहान्याला परत सोडलं.

तो मोठ्या फुलाच्या जागी जातो, तिथे काही नाही, वळतो, परत जातो.

१९ एप्रिल

हसनभाईचं पत्र. अंड्यांच्या बातमीचं उत्तर, महिन्याने. फार आनंदला आहे. खाली लिहिलंय: "पहिल्या खेपेची अंडी राहतीलच असं नाही. तिथले कोळी सांगतात, नवं जोडपं घाबरलं की स्वतःची अंडी स्वतःच खातं. तर तू कुणावर रागवू नकोस."

कुणावर. त्याला काय ठाऊक! माझा स्वभाव ठाऊक आहे, एवढंच.

पत्र घेऊन भाबीकडे गेले. वाचून दाखवलं. ती गहू निवडत होती. "बरं," म्हणाली. मी म्हटलं, "भाबी, मी चुकले. सगळं चुकलं माझं." म्हणाली, "सगळं न्हाई. खोली द्यायचं आमच्या मनात व्हतं. अजून हाय."

मग सूप उचलून पाखडायला लागली. कोंडा माझ्या पायावर.

२४ एप्रिल, रविवार

एक विचारायचं राहून गेलं होतं, म्हणून आज विचारलं. अम्मांना. मीठ. जानेवारीतलं मीठ तुम्ही टाकलं होतं का? मदत म्हणून?

"मीठ? न्हाई बाई. मीठ कशाला टाकीन? खारंच हाय की ते."

मग कुणी टाकलं?

भाबीला विचारणार नाही. दादांना तर नाहीच. ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "आता सोड की." न्हाई म्हणाले नाहीत.

मला एवढं शिकवून झालं, तरी डोकं परत तिथेच.

१ मे, रविवार

लहाना तपकिरी फुलाला अंग घासून बघतोय. फूल त्याच्याहून थोडंसंच मोठं. शेपूट बाहेर राहते. पण आज दुपारभर तिथेच होता.

चूल अजून वेगळीच. भाबीने काल कालवणाची वाटी पाठवली, अम्मांच्या हाती. अम्मा म्हणाल्या, "मी आनली." मी वाटी ठेवून घेतली.

६ मे

अम्मांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. पुण्याच्या दवाखान्यात, सोमवारी. तिथे आठ दिवस, मग नणंदेकडे आठ. कुणीतरी बाईमाणूस बरोबर पाहिजे.

जेवणं झाल्यावर दादा, भाबी, हे, मी. कितीतरी दिवसांनी चौघं एकत्र बसलो. भाबी म्हणाली, "शमीमच जाऊ दे. शाळंला सुट्टी हाय. शिकल्याली हाय, डाक्टर बोलंल ते कळंल तिला."

खरं आहे. बरोबरच आहे. तिची मुलं, म्हशी, दुकानाचा डबा.

आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला? पंधरा दिवस मी घरात नाही. खोली मोकळी. सुपरवायझर.

अम्मांचा हात अजून नीट वळत नाही आणि मला हे सुचतं. लिहून ठेवते, म्हणजे नंतर नाकारता येणार नाही.

"जाते," म्हटलं.

८ मे, रविवार

उद्या सातची एस.टी. अम्मांची पिशवी भरली. दोन लुगडी, तसबी, कात-सुपारी. डॉक्टर सुपारी खाऊ देणार नाहीत म्हटलं तर म्हणाल्या, "वास तर घिऊ देतील."

त्यांना विचारलं, दिसायला लागल्यावर पहिलं काय बघणार? वाटलं म्हणतील नातवंडं. "हलीमा म्हनती तो बारका लई नारंगी हाय. खरं का?"

संध्याकाळी भिजवलेली सुकट वाटीत घेऊन भाबीच्या दारात गेले. म्हटलं, एवढी, चिमूटभर, दिवसातून एकदा. पाणी खाली गेलं तर उकळून गार केलेलं घालायचं. लाईट गेली तर... आणि पुढे बोलता येईना. तिला मी सांगायचं, लाईट गेली तर काय करायचं ते.

ती चुलीतली लाकडं मागे ओढत होती. वर बघितलं नाही.

"ठेव तितं," म्हणाली.

हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. वाटी उंबऱ्याच्या आत ठेवली. परत येताना दोनदा मागे वळून बघितलं. पहिल्यांदा वाटी होती तिथेच होती. दुसऱ्यांदा दार लोटलेलं होतं, वाटी आत घेतली की तशीच राहिली ते दिसलं नाही.

अम्मा हाक मारतायत. साडेचारला उठायचंय.